कोरी ठेवलेली ओळ

आमची पोस्ट सतरा हजार फुटांच्या वर होती. माणसं अकरा, फायबरच्या झोपड्या दोन, आणि त्यातल्या एकीच्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी. रविवारी सकाळी आठला मंदिर परेड. परेड म्हणजे परेड, दाढी करूनच जायचं. गावाकडं लोक विचारतात, तिथं देव फार आठवत असेल नाही? मी सांगतो, तिथं आधी मोजे आठवतात. ओले मोजे पायात राहिले की बोटं जातात.

मी हवालदार होतो. गाव आसेगाव. नाईक विलास कामरगावचा. वाशिम जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं आपसात वऱ्हाडी चाले आणि बाकीचे चिडत.

पहाऱ्यावरच्या जवानानं रिपोर्ट देताना तीन गोष्टी वेगळ्या सांगायच्या असतात. काय पाहिलं, काय ऐकलं, काय अंदाज आहे. एकात दुसरं मिसळलं की शिवी खायची. विलास नवा होता तेव्हा हे त्याला मीच शिकवलं. त्या गड्यानं ते देवालाही लावलं.

एकदा बटालियनचे धर्मगुरू साहेब पोस्टवर आले. सगळे त्यांना पंडितजी म्हणत. परेडनंतर चहा झाला. पंडितजी म्हणाले, "यह राइफल अपने आप बनी क्या? किसी ने बनाई. तो दुनिया भी किसी ने बनाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. विलास म्हणाला, "साहब, राइफल पर फैक्टरी का ठप्पा है. मैंने पढ़ा है. दुनिया पर अभी तक मिला नहीं."

"मतलब भगवान नहीं है?"

"वह भी नहीं बोल सकता, साहब. पूरा इलाका किसने सर्च किया?"

पंडितजी हसले. भला माणूस होता. ते टिळा लावायला पुढं आले तेव्हा विलासनं टोपी मागं सरकवून कपाळ पुढं केलं.

मी भडकलो. झोपडीत आल्यावर म्हणालो, "काय बे, मानत नाहीस तं टिळा कायले घेतला?"

"मानत नाही असं कधी म्हनलो, बबनभाऊ? मले माहीत नाही, एवढंच म्हनलो."

"अरे, हो म्हन नाहीतं नाही म्हन. मधातच काहून लटकून राह्यला?"

"तुमीच शिकवलं ना. जे पाह्यलं नाही ते पाह्यलं म्हनून सांगायचं नाही."

"आन् अंदाज?"

"अंदाज रोज बदलते. ऊन पडलं की हाय वाटते. स्टोव्ह विझला की नाही वाटते."

आता यावर काय बोलणार, कप्पाळ! मी देव मानणारा. आजही सकाळी दिवा लावतो.

पुढं एके दिवशी लिंक पेट्रोल होतं. खालच्या पोस्टपर्यंत रस्ता तपासून परत यायचं. पाळी माझी होती. माझी दाढ सुजली होती, अंगात ताप होता. विलास म्हणाला, "तुमी वायरलेस सेटवर बसा. मी जातो." 0810 ला चौघं दोराला बांधून घेऊन निघाले. पुढं विलास.

0935 ला सेटवर त्याचा आवाज आला. बेस म्हणजे मी, चार्ली म्हणजे तो.

"बेस, चार्ली. बड़े पत्थर पर हैं. आगे नई बर्फ है. ओव्हर."

"चार्ली, आगे रास्ता है? ओव्हर."

"मालूम नहीं. देखकर बताता हूँ. बाकी को पीछे रोका है. ओव्हर."

"रॉजर. वेट कर रहा हूँ."

0941 ला वरच्या उतारावरून आवाज झाला, सोयाबीनचं पोतं जमिनीवर ओतावं तसा. मी सेटवर हाका मारत राहिलो. दोर सोडून तो एकटाच पुढं गेला होता. नियमात ते बसत नाही, पण त्यामुळं तिघं वाचले. विलास दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाखाली सापडला.

पेटी घेऊन एस्कॉर्ट म्हणून मीच कामरगावला गेलो. गर्दी मायंदाळ होती. त्याच्या मायनं पेटीवर हात ठेवला आणि मला एकच विचारलं, "शेवटी देवाचं नाव घेतलं का रे त्यानं?"

मी मान हलवली, हो म्हणून. अख्ख्या नोकरीत माझा खोटा रिपोर्ट तेवढा एक.

पुढं रिटायर होऊन घरी आलो. दाढेची गोष्ट कळली की लोक म्हणतात, "देवानंच दुखवली तुमची दाढ. देवानं वाचवलं तुमाले." हे माझ्या डोक्यात जातं. "मंग त्याची काहून नाही दुखवली? त्याच्या मायनं काय कमी उपास केले?" असं मी विचारतो.

तीन वर्षांपूर्वी कामरगावच्या शाळेतल्या मास्तरांचा फोन आला. गावानं विलासच्या स्मारकाचा दगड आणला होता. मास्तरांनी मजकूर वाचून दाखवला. नाव, रँक, गाव, आणि खाली, 'देवाचे नाव घेत देह ठेवला'.

"तुमीच ऐकलं ना सेटवर? कारागीर उद्या कोराले बसते."

कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं येत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं निघालो.

माय ओसरीवर तूर पाखडत होती. मास्तरही तिथंच बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "माय, मी तवा खोटं बोललो. त्यानं देवाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही."

सूप थांबलं. मास्तर म्हणाले, "अहो, घेतलं असलच ना! मरनाच्या दारात कोन नाही घेत?"

"असल. नसल. शेवटची सहा मिनिटं सेट गप होता. मले माहीत नाही."

माय माझ्यावर ओरडली. "इतके वर्सं मी त्याच्यावर दिवस काढले, बबन! आन् आता येऊन सांगून राह्यला?" तिनं पदरात तोंड घातलं. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मग तोंड पुसून तिनं विचारलं, "मंग काय म्हनला तो?"

सेटवरचं बोलणं मी शब्दाला शब्द सांगितलं. "मी इचारलं, पुढं रस्ता हाय का? तो म्हनला, माहीत नाही, पाहून सांगतो."

"आन् मंग?"

"मंग काही नाही, माय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "हे त्याचंच बोलनं हाय," ती म्हणाली. "लहानपनी देवळात नेलं तं मले इचारे, माय, तू पाह्यलं का देवाले? मी म्हनो, चूप बस." मग म्हणाली, "टिळा घेत होता का तिथं?"

"दर रविवारी घे. कपाळ पुढं करे. ते मी डोळ्यानं पाह्यलं."

तिनं मान हलवली. मास्तरांनी खिशातून कागद काढला. "मंग शेवटच्या ओळीत काय लिहू?"

"काही नका लिहू," माय म्हणाली. "जागा सोडा."

मास्तर पुष्कळ बोलले, दगड अर्धवट दिसेल म्हणाले. मायनं ऐकलं नाही.

आता दर वर्षी त्या दिवशी मी जातो. सकाळी माय दगडाला टिळा लावते. 0941 ला मी सॅल्यूट करतो. नाव, रँक, गाव, आणि त्याखाली एका ओळीची कोरी जागा. यंदा बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, आजी, इथलं लिहायचं राहून गेलं का?

"राह्यलं नाही," माय म्हणाली. "त्याचा रिपोर्ट यायचा हाय अजून."