साखळीचा तांब्या

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास पावसानं दगा दिला होता. मी रोज एसटीनं नव्या कचेरीत नोकरीला जायचो. वाटेतल्या एका गावी स्टँडवर तिथल्या मंडळाची पाणपोई होती. गावातल्या घराघरांतून तिथं घागर यायची. तांबे चोरीला जायला लागले, तसा मंडळानं तांब्या साखळीनं बांधला.

पाणपोईवर मंडळातलाच एक म्हातारा बसायचा. आला की आधी साखळी सोडायचा, धोतराच्या सोग्यानं तांब्या पुसायचा आणि भरून हातात द्यायचा. आपण पीत असताना मान दुसरीकडं वळवायचा.

मी एकदा विचारलं, "काका, मंडळानं बांधलेला तांब्या तुम्ही का सोडता?"

"बांधलेल्या तांब्यानं माणूस लाजून अर्धंच पितंय. लांबून आलेलं असतंय, पिऊ द्या की पोटभर."

पुढं तो तांब्याही गेला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं घरचा आणला, लग्नातल्या आहेराचा, नाव कोरलेला. तोही मोकळाच.

परवा त्या स्टँडवर उतरलो. आता तिथं थंड पाण्याचं मशीन आहे आणि साखळीला स्टीलचा ग्लास. घसा कोरडा पडला होता, तरी अर्धा ग्लास पिऊन मी तो खाली ठेवला.