ॲम्ब्युलन्स दारात होती, आणि बाबा बसत नव्हते

माझे बाबा हार्ट अटॅकने गेले असं सगळे म्हणतात.

मी म्हणते, बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून ते गेले.

आज वर्ष झालं.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात बाबा भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात होते. दिवसभर फोनवर ड्रायव्हर लोकांशी ओरडून बोलायचं काम. गणपतीत मंडळाच्या नाटकात उभे राहिले की माइकची गरज पडायची नाही.

मग आईला स्ट्रोक आला. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली. आवाज गेला, उजवी बाजू गेली. समजतं मात्र तिला सगळं.

हॉस्पिटलने सांगितलं, "अब घर ले जाइए."

घरी म्हणजे कोणाकडे, ते कोणी विचारलं नाही.

नळीत कफ अडकला की मशीन लावून लगेच ओढून काढावा लागतो. उशीर झाला की ओठ निळे पडतात. बाबा नोकरी सोडून हे शिकले. मी शिकले. माझं घर सदर बाजारला, नोकरी शाळेत. मी संध्याकाळी आई-बाबांकडे चौबे कॉलोनीत जायची, तेव्हा बाबा बाहेर पाय मोकळे करायचे. बाकी सगळा वेळ ते एकटे.

त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. ॲडमिट व्हा म्हणाले.

"मी ॲडमिट होतो, अन् हिच्या नळीचं कोन पाहीन?"

"मी रजा घेते ना, बाबा."

"तू एकटी दिवसरात्र जागशीन? पहिले कोनी माणूस भेटू दे."

माणूस शोधला. एजन्सीने एक मुलगी पाठवली. युनिफॉर्म होता, पण असं मशीन तिने कधी पाहिलंच नव्हतं. आईला पहिला ठसका लागला आणि ती रडायलाच लागली. "दीदी, मुझसे नहीं होगा, कुछ हो गया तो?" तिची काय चूक? तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ट्रेनिंग घेतलेली प्रायव्हेट नर्स आम्हाला परवडत नव्हती. सरकारी नर्स तेव्हा घरी येत नव्हती.

अँजिओग्राफी पुढे ढकलली. परत ढकलली.

मग त्या सकाळी बाबांचा फोन आला. "येऊन जा. आत्ताच्या आत्ता."

सदर बाजारच्या गर्दीत माझी स्कूटी हलेना. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला.

पोचले तर ॲम्ब्युलन्स दारात. शेजारच्या साहू भैयांनी बोलावलेली. आणि बाबा आत आईच्या पलंगाशी उभे. शर्ट घामाने चिकटलेला, चेहरा राखेसारखा, हातात कफ ओढायच्या मशीनची नळी.

"बाबा, गाडीत बसा!"

"हिचा कफ अडकून राहिला. आधी हिचं होऊ दे."

"द्या इकडे. मी करते."

"जमते ना तुले?"

"जमते, बाबा! तुम्ही जा ना!"

तरी हलले नाहीत. दाराची चौकट धरून पाहत राहिले. कफ निघाला, आईचा श्वास मोकळा झाला, तेव्हाच स्ट्रेचरवर बसले.

ड्रायव्हरने विचारलं, "साथ में कौन चलेगा?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या छातीत परत घरघर सुरू झाली होती.

मी जाऊ शकले नाही. साहू भैया गेले.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "दीदी… डॉक्टर बोले, देर हो गई."

फोन खाली ठेवला आणि मशीन सुरू केलं. कारण त्याच क्षणी आईला ठसका लागला होता. धक्का लागला तर तिच्या श्वासनलिकेला इजा होईल, म्हणून मी हात स्थिर ठेवला.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काही बोलायच्या आत तिला कळलं. तिला रडायलाही आवाज नाही.

भेटायला येणारे म्हणायचे, "किती सेवा केली बाबूजींनी! नशीबवान आहे तुझी आई."

सेवा म्हटलं की विषय संपतो. मग कोणी विचारत नाही की त्या माणसाच्या जागी एक दिवस उभं राहणारं दुसरं कोणी काहून नव्हतं.

आमच्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, मी तेच विचारलं. ते म्हणाले, "ये तो घर-परिवार का मामला है, दीदी."

मी म्हटलं, "रस्ता खराब झाला तर आम्ही घरच्या घरी डांबर टाकतो का, भैया?"

त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्यानंतर मी नोकरी सोडून आईकडे राहायला आले. साहू भैया मशीन शिकले, ते तासभर आईजवळ बसायचे तेवढ्यात मी कॉलोनीत घरोघरी फिरले. बंद दारांमागे आजाऱ्यांचे किती पलंग आहेत हे मलाही माहीत नव्हतं. पुष्कळ घरांत एकच बाई, आणि तिला स्वतःचं दुखणं दाखवायलाही बाहेर पडता येत नाही. आम्ही मिळून आरोग्य विभागात गेलो. साहेब म्हणाले, "ऐसा कोई प्रावधान नहीं है."

"तर तशी तरतूद करा," मी म्हटलं. आणि आम्ही तिथेच बसून राहिलो.

आमचं मागणं सोपं आहे. शिकलेली माणसं सरकारने नेमावी, त्यांना नीट पगार द्यावा, रजा द्यावी, आणि घरी पाठवावं. सांभाळणारा आजारी पडला तर त्याच्या जागी कोणी यावं. दवाखाने बांधायला सरकारकडे पैसा असतो. दवाखान्याने घरी पाठवलेल्या माणसासाठीही असायला पाहिजे.

असं असतं तर बाबा वाचले असते का? माहीत नाही. पण वेळेवर ॲडमिट झाले असते, हे नक्की.

सध्या आमच्या वॉर्डात आठवड्यातून एकदा सरकारी नर्स येते. त्याच साहेबांच्या तोंडी परवानगीवर. साहेबांची बदली होणार अशी बातमी आहे, मग हेही बंद पडेल की काय, ही धाकधूक रोजच आहे. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत. ज्यांच्या घरी असा एक पलंग आहे, त्यांनी मला मेसेज करा. सोबत चला.

आज नर्स आली होती. तिला आईजवळ बसवलं, मागच्या खोलीत गेले, आणि दार लावून घेतलं.

बाबा, वर्षभरात पहिल्यांदा तुमच्यासाठी पोटभर रडले.

तुमच्या आठवणीला मनापासून नमस्कार.