रहिमतबीचा झिरा

परवा रहिमतबीचा चाळिसावा झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. ती गेली त्या सकाळी मी जोंधळे निवडत होते. तिची सून दारात आली. "मावशी, अम्मा गेल्या. दुपारच्या नमाजानंतर नेणार हायेत." मी सूप ठेवलं आणि घागर उचलली. रडणं मला जमत नाही. अंथरुणाला खिळल्यावर रहिमतनं मला बजावलं होतं, "गोदे, शेवटची आंघोळ मला ह्या घाण पाण्यानं नगं. झिऱ्याचं पाणी आण." कुठून आणायचं, ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं...

आमच्या गावाखालचा ओढा आज पाहिलात तर नाक दाबून पुढं जाल. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं पांढऱ्या वाळूचं वाळवंट होतं. सकाळी त्यावर पाय टाकला की गार झिणझिणी डोक्यापर्यंत जायची. उन्हं चढली की सगळी वाळू हलायला लागायची आणि पलीकडची म्हसरं जमिनीच्या वीतभर वरून चालल्यासारखी दिसायची. त्या वाळूत हातानं खड्डा केला की पाणी झिरपायचं, तोच झिरा. पहिलं गढूळ पाणी उपसायचं आणि गप्प बसायचं. तळाशी कण नाचत राहायचे, मग एकेक करून निजायचे... घाई केली की रहिमत माझ्या हातावर चापट मारायची. "त्याला येऊ दे की गं!"

रहिमत मण्यारीण, बांगड्या भरणारी. निजाम गेला, सडक पक्की झाली, आणि सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या मोटारी आमच्या फाट्यावर थांबू लागल्या. ओल्या हातावर बांगडी सरकते, म्हणून रहिमत त्यातल्या बायकांना वाळवंटावर न्यायची. बायका झिऱ्यात हात बुडवून बसायच्या, उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. बांगड्या भरताना रहिमतनं हात धरलेला त्यांना चालायचा, पाणी मात्र तिच्या हातचं चालायचं नाही. त्यामुळं झिरा ती उकरायची आणि वाटीनं पाणी मी द्यायची.

"माती म्या उकरायची अन् आशीर्वाद तुला, व्हय गं?"

"अर्धा देते की तुला."

"उष्टा नगं मला!"

असली जागा साऱ्या जिल्ह्यात न्हाय, असं आम्ही दोघी येईल त्याला सांगायचो. मिरवायचो म्हणा ना.

मग लोक विचारत विचारत येऊ लागले. एक हॉटेल झालं, दुसरं झालं, धर्मशाळा झाली. भिंतींना वाळू इथलीच, गाड्या भरभरून नेली. मोटारी ओढ्यातच धुवायचे. पाण्यावर तेलाचे मोरपंखी रंग तरंगायचे... खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी ते रंग आम्हाला आवडले होते. पुढं हॉटेलांच्या मोऱ्या ओढ्यात आल्या. काळा गाळ तेवढा उरला आणि काठच्या आडालाही वास यायला लागला. रहिमत हॉटेलवाल्याला जाब विचारायला गेली, मी सोबत होते. तो शांतपणे म्हणाला, "बी, रागावता कशाला? ही जागा लोकांना दावली कुणी? तुम्हीच की." गिऱ्हाइकाला कधी हार न जाणारी बाई, पण ती आल्या पावली मागं फिरली. त्यानंतर ती फाट्यावर कधी बसली नाही.

तर त्या सकाळी मी घागर घेऊन निघाले. लांब गेले. कुठं, ते लिहीत नाही. एका ठिकाणी बसकुराएवढी वाळू शिल्लक होती, तिथं उकरलं. गढूळ पाणी उपसून टाकलं. ऊन डोक्यावर येत होतं आणि पाणी आपल्या चालीनं येत होतं. मी हात घातला नाही. निवळल्यावर वाटी वाटीनं घागर भरली. पोचले तेव्हा रहिमतला आंघोळ घालून कफनात गुंडाळलं होतं. "मावशी, लई वाट बघितली," सून म्हणाली, "मग आडाचंच पाणी घेतलं." तिचा काय दोष? उशीर मी केला.

तिच्या घरी चूल पेटायची नव्हती. माती देऊन आलेल्या माणसांसाठी मी माझ्या घरी त्या पाण्याचा चहा ठेवला. हॉटेलवालाही आला होता. एक घोट घेतला आणि तो कपात बघतच राहिला. "गोदाक्का, पाणी लई गोड हाय. कुठलं वो?"

"आडाचंच," मी म्हणाले, आणि त्याचा कप पुन्हा भरला.