बॅगेचं माप

नव्या कॅनव्हासचा वास आला की दिग्गी गावापलीकडची गोव्याच्या सरहद्दीवरची ती चौकी आठवते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. कॅनव्हासच्या प्रवासी बॅगांची नवी तऱ्हा शिकून मी आणि माझा नवरा तिथल्या कारखान्यातून सरहद्दीअलीकडं आमच्या जोयड्याला परतत होतो. शिपायाला आमच्याजवळ रेघांनी भरलेला कागद सापडला आणि त्यानं बंदूक नवऱ्याच्या छातीला लावली. "हो सरहद्दीचो नकासो?" "नकाशा न्हाई सायबा, बॅगेचं माप हाय," असं म्हणत मी कागद रेघांवर दुमडला आणि त्याची इवलीशी बॅग करून दाखवली. त्यानं बंदूक खाली घेतली, कागद मात्र दिला नाही. आम्ही मागं न बघता जंगलात शिरलो. पुढं तशा कितीतरी बॅगा मी शिवल्या, पण सगळ्या थेट कापडावर बेतून. कागदावर रेघ ओढायला हात आजही धजत नाही.