दुसऱ्या ओळीतलं नाव

"पुढं?" असं विचारून मावशी शिलाई मशीन थांबवायच्या. समोर लग्न ठरलेली एखादी मुलगी, मांडीवर साड्यांची पिशवी. तिने पाठ केलेल्या उखाण्याची पहिली ओळ म्हटलेली असायची, आणि दुसरी काय येणार हे मावशींना आधीच कळलेलं असायचं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागे, आमच्या शेजारच्या खोलीत त्या फॉल-पिको करायच्या. फॉल लावायला आलेल्या मुली जाताना उखाणाही घेऊन जायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्याशिवाय कुणाचं लग्न लागत नाही आणि लग्नाच्या फोटोत ती कुठेच नसते.

एकदा निमोण्याची एक मुलगी मोबाइलवरून चांदीच्या ताटाचा उखाणा शोधून आली.

"चांदीचं ताट हाय का गं तुझ्या घरी?"

"न्हाई."

"मग कशाला म्हंतीस? लग्नानंतर ऱ्हाणार कुठं?"

"शिक्रापूरला. ते तिथं कंपनीत हायेत."

"दारातून काय दिसतं तिथं?"

"ट्रक. नुसते ट्रक."

"आन् नाव काय त्याचं?"

"संतोष," मुलगी साडीच्या पिशवीत बघत म्हणाली.

मावशींनी फॉलची कड दुमडता दुमडता म्हटलं,

"शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची रांग,
संतोषराव विचारतात, डब्यात काय, सांग!"

मुलगी खुदकन हसली. ती गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "नुसती टोकं जुळवून भागत न्हाई बघ. पहिल्या ओळीत आपण उभं असतो ती जागा यावी. दुसरीत माणूस यावा."

मावशींचे यजमान रेल्वेत होते. बदली होऊन लांब गेले आणि तिकडेच राहिले. तिकडे त्यांचा दुसरा संसार आहे, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मावशींच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. हळदीकुंकवाला एकेकीला नाव घ्यायला लावत बायका त्यांच्यापाशी आल्या, की कुणीतरी चहाचा विषय काढायचं आणि पाळी पुढच्या बाईकडे जायची. मावशी कप गोळा करायला उठायच्या.

माझ्या सुनेचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशी उठायला लागल्या तशी तिने त्यांचा हात धरला. "मावशी, सगळ्यांना शिकवता, आता तुम्ही घ्या ना!"

मी सुनेला खुणावत होते, पण तिचं लक्षच नव्हतं. मावशी पुन्हा खाली बसल्या. पदर सारखा केला.

"गाडी गेली निघून, फलाटावर धूळ,
वसंतरावांची वाट बघते, एवढंच माझं खूळ."

इतक्या वर्षांत ते नाव आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. टाळ्या एकट्या सुनेने वाजवल्या.

नंतर मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "तसं म्हणायचं नव्हतं गं मला. पण पहिल्या ओळीत धूळ म्हणून बसले. मग दुसरं काय येणार?"

पुढे नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना. भाऊ येऊन त्यांना शिरूरला घेऊन गेला.

मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. घर मोठं, पण सामसूम. मावशी एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. अंगावर जरीची साडी, केसांत गजरा.

"घरचे कुठंयत?"

"भाचीच्या मैत्रिणीचं लगीन हाय. मलाबी न्यायचं म्हणत होते." त्यांनी गजरा चाचपला. "गाडीत जागा न्हाई झाली."

मी त्यांच्या शेजारी बसले. कुठूनतरी सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती. मावशी आवाजाच्या दिशेला मान वळवून, निऱ्या चुरगळू नयेत म्हणून पाय लांब करून, तशाच ताठ बसून राहिल्या.