बारावा गट

लगामबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्या जेवतात उभ्याने, फोनवर बोलतात येरझाऱ्या घालत, आणि दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तरी खुर्चीला पाठ टेकायच्या आधी "किती वेळ लागेल?" असं दोनदा विचारून घेतात. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. आणि अशा बाईच्या वाट्याला नोकरी कुठली यावी? एका जागी दोरी धरून उभं राहायची! एकोणीस वर्षं झाली, रोज त्या मनातून पळत असतात आणि पायांनी उभ्या असतात.

मोठ्या प्रवासी बोटी लागतात त्या धक्क्यावरचा हा हॉल. खुर्च्या सहाशे, माणसं दोन हजार. कुणी बॅगेवर बसलंय, कुणी खांबाला टेकलंय, फोन चार्ज करायच्या एकुलत्या एका बोर्डापाशी तर हातघाईवर प्रकरण आलेलं. हॉलच्या टोकाला काचेचं दार, दारापलीकडे बोटीत जायचा पूल, आणि दाराअलीकडे लगामबाईंची जाड निळी दोरी. आधी प्रायॉरिटीवाले, म्हणजे सोनेरी कार्डाचे. मग एक ते बारा गट, ज्याचा त्याचा नंबर पुकारला की. ऐन वेळी लंगडायला लागणारे, दुसऱ्याच्या नावाचं कार्ड पुढे करणारे, "आमचे साहेब पुढे गेलेत" म्हणणारे, असे नमुने रोजचेच. बाईंनी एकदा कप्तानाच्या सासूलाही रांगेच्या शेपटाला पाठवलं होतं. पुढे कप्तान म्हणे त्यांना ओळख द्यायला लागला.

दोरीचा कायदा एकच. गट आत सोडताना ती हातातून सुटता कामा नये. सुटली की बसलेले उठतात, उठलेले धावतात, आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून तर बाईंना 'लगाम' हे नाव पडलं.

ह्याच दोरीपायी त्यांचं आणि थोरल्या बहिणीचं फाटलं. सहा वर्षांपूर्वी आईचं शेवटचं दुखणं. ताईने सकाळी फोन केला, "असशील तशी नीघ." त्या दिवशी दोन बोटी एकदम लागल्या होत्या, बदलीला माणूस नव्हता. बाई पोचल्या तेव्हा आईला नेण्याची तयारी झाली होती. ताई दारातच म्हणाली, "परक्यांच्या रांगा लावत बस तू." त्यानंतर बोलणं नाही. बाईंना चूक कळत होती, पण फोन उचलून नंबर लावायच्या आधीच त्या तो खाली ठेवायच्या. ताईने वाढवलेलं होतं त्यांना, आईपेक्षा जास्तच. त्यामुळे तो घाव भरलाच नाही.

आणि मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई माझ्याकडे यायला निघालीय. कायमची. मंगळवारी तुमच्याच धक्क्यावरून."

"बोटीने? त्या गुडघ्यांनी?"

"विमानाचं तिकीट काढतो म्हटलं, ऐकत नाही. बोटीनेच यायचं म्हणते. कालच तिथला फोनही बंद करून टाकला तिने."

कायमची. बाहत्तर वर्षांची ताई समुद्रापलीकडे चालली म्हणजे पुन्हा भेट कुठली? तेव्हापासून बाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. भाजी चिरताना त्या वाक्यं जुळवत. 'ताई, माझं चुकलं' एवढी तीन शब्दांची गोष्ट, पण ती म्हणायला शंभर पाट्या पुसून झाल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी प्रवाशांची यादी चाळली. ताईच्या नावापुढे गट बारा! सगळ्यात शेवटचा. म्हणजे या चेंगराचेंगरीत चार-साडेचार तास, दुखऱ्या गुडघ्यांनी, तेही सख्खी बहीण दोरी धरून समोर उभी असताना. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, ताई काय म्हणेल?

एकोणीस वर्षांत न केलेली गोष्ट बाईंनी केली. ड्यूटीच्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन शब्द टाकला.

"साहेब, एक सोनेरी कार्ड हवं होतं. माझ्या बहिणीसाठी."

साहेब आधी हसले, मग बाईंचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "तुम्ही मागताय? घ्या. व्हीलचेअरपण पाठवतो."

बाईंना इतकं हलकं वाटलं की काही विचारू नका. त्यांच्या धंद्यात एका माणसाने दुसऱ्याला द्यावी अशी याहून मोठी चीज नव्हतीच. हात जोडणारे, ओरडणारे, रडणारे, सगळे एवढंच तर मागायचे, आम्हाला आधी सोडा. ताई कार्ड बघेल, काय ते समजेल, आणि दोरीपाशी आली की तेवढ्यात आपण ते तीन शब्द बोलून टाकू.

साडेबाराला प्रायॉरिटीची घोषणा झाली आणि हॉल उठून उभा राहिला. ज्यांचा नंबर नाही तेच आधी उठतात, हा नियमच आहे. मुंगीला शिरायला जागा नाही अशी दाटी. बाई एका हाताने दोरी आवळून, दुसऱ्या हाताने कार्डं बघत, टाचा उंचावून गर्दीत बघत होत्या. खिडकीजवळ, जिथून दोरी समोर दिसते अशा खुर्चीत ताई होती. केस पार पांढरे. मांडीवर डब्याची पिशवी. मिशीवाल्या मदतनिसाने तिला कार्ड दाखवलं, ती काहीतरी विचारत होती, मान हलवत होती. त्याला कुठला वेळ! त्याने तिला अलगद व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि निघाला.

चेअर दोरीपाशी आली तेव्हा मागे चाळीस माणसं रेटत होती. ताईने वर पाहिलं. रागावलेली नव्हती ती, गोंधळलेली होती.

"छोटे, बारावा नंबर मी मागून घेतला होता गं," ती म्हणाली. "तुझी जेवणाची सुट्टी एकला असते ना? माझा नंबर चारला. म्हटलं, तेवढ्या सुट्टीत बसू दोघी. डबा आणलाय. तुला एवढी घाई झाली मला घालवायची?"

मदतनिसाने चेअर पुढे ढकलली. रांग थांबवायची नसते, हे त्याला बाईंनीच तर सांगितलेलं.

लगामबाईंनी दोरी सोडली.

मागे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. आरडाओरडा झाला, बॅगा पडल्या, साहेब हाका मारत धावले. बाई काचेच्या दाराकडे पळाल्या. तोवर दारावरच्या मशीनने ताईचं कार्ड टिपलं होतं. एकदा टिपलं की प्रवासी बोटीचा, त्याने परत हॉलमध्ये यायचं नाही, आणि बोटीच्या पासाशिवाय हॉलच्या माणसाने पुलावर जायचं नाही. दारावरचा शिपाई आडवा झाला, पण दार त्याने पायाने उघडं धरलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

"ताई, घालवायची नव्हती गं! मला वाटलं तुझे गुडघे... ताई, आईच्या वेळी मी आले नाही, माझं चुकलं. फार चुकलं."

ताईने चेअरचं चाक हाताने धरून थांबवलं. तिचे डोळे भरून आले. "मलापण तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "आई जाताना तुझ्याबद्दल बोलली होती. रागाच्या भरात मी ते सहा वर्षं दाबून ठेवलं."

"काय म्हणाली? ताई, काय म्हणाली आई?"

"असं उभ्या-उभ्या नाही गं सांगता येत. बसून सांगायचं होतं."

मागून सोनेरी कार्डवाल्यांचा लोंढा आला आणि मदतनिसाला चेअर पुढे न्यावीच लागली. ताईने पिशवी उचलून मागे दाखवली, ती द्यायची होती की नुसता निरोप होता, ते बाईंना कळलं नाही. शिपायाचा पाय निघाला आणि दार लागलं.

काचेपलीकडे बोटीची पांढरी भिंत हाकेच्या अंतरावर होती. हॉलमधल्या घड्याळात पाऊण वाजला होता. बोट सुटायला अजून सव्वाचार तास होते.