साहेबानं उचललेला भंडारा

कामशेत स्टेशनावर माझे वडील, आबा, मला सोडायला आले होते आणि साहेब मला न्यायला. साहेब म्हणजे मुंबईतला फ्रान्सचा कॉन्सुल. उन्हाळ्यात तो लोणावळ्याला बंगला घ्यायचा, तिथं मी स्वयंपाकी होतो. त्याची परदेशी बदली झाली आणि त्याला माझ्या हातचं जेवण सोडवेना. आबांनी अट घातली, आमच्या देवापुढं भंडारा उचला. हळदीची चिमूट हातात धरून साहेबानं शब्द दिला, पाच वर्षांनी पोराला स्वतः घरी आणून सोडीन. आबांनी ती चिमूट फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. शब्द पुरा झाला की ती देवाला वाहायची, हा आमचा रिवाज. गाडी हलली तेव्हा आबा म्हणाले, "घोर करू नगं. भंडारा उचललाय त्यानं."

टाकव्यातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, पाचाची वीस वर्षं झाली. शेवटी आम्ही तुर्कस्तानात होतो. पांढरे हातमोजे, चांदीची ताटं, शॅम्पेन. लढाईत साहेबाच्या देशात जर्मनांपुढं वाकलेलं सरकार आलं, तर यानं दुसऱ्याच दिवशी त्या सरकारची शपथ घेतली. जर्मन साहेब जेवायला यायचे आणि हा हसून हसून वाढायला सांगायचा. पुढं वारं फिरलं. यानं भिंतीवरची त्या सरकारच्या प्रमुखाची तसबीर उतरवली, विरुद्ध बाजूची शपथ घेतली, आणि त्याच टेबलावर अमेरिकन जेवू लागले. त्याला बढती मिळाली, राजदूत झाला. ताटं तीच, हसणं तेच. मला त्या घरातलं पाणीसुद्धा नकोसं झालं.

बढतीच्या मेजवानीत त्यानं आबांची गोष्ट सांगितली. एका खेड्यात आपण पिवळी पूड हातात घेऊन कसं नाटक केलं, म्हातारा कसा भुलला. पाहुणे पोट धरून हसले. मी मागंच उभा होतो आणि एव्हाना त्यांची भाषा मला चांगली कळत होती. हातातलं ताट तिथंच ठेवलं आणि सकाळी पासपोर्ट मागून घेतला.

घरी पोचलो तर आबा माझ्या पाठीमागं बघत राहिले. "साहेब कुटं हाय?"

"न्हाई आला. माझा मीच आलो, आबा."

आबा देव्हाऱ्यापाशी गेले. मग फडकं सोडून त्यांनी भंडारा देवाला वाहिला. "पोरगं पोचलं, देवा. साहेबाचा शब्द पुरा झाला असं धर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आबा, तो माणूस थुंकायच्या लायकीचा न्हाई."

"आसंल. पर भंडारा आपल्या घरातला हाय, त्यो खोटा पडाया नगं."

तुम्ही विचारता, तिकडं काय कमी होतं. एवढंच कमी होतं. दुसऱ्यानं मोडलेल्या शब्दाची लाज वाटणारं माणूस मला तिकडं एकही भेटलं नाही.